लाल लेपाच्या गोळ्या

मी पिस्तूल चालवते. हे मी हल्ली गणपतीत मोदक वळता वळतासुद्धा सांगते, कारण आमच्या मंडळातल्या बायकांनी पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. "अगं बाई! या वयात?" असं कुणीतरी म्हणतंच. या वयात म्हणजे काय हो? अठ्ठावन्न. नऊवारी नेसून लेझीम खेळले तर व्हिडिओ काढतील, "काय एनर्जी आहे!" म्हणून कौतुक करतील. पिस्तूल म्हटलं की मात्र लगेच माझं वय आठवतं सगळ्यांना.

आम्ही अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बाहेर राहतो, मी आणि माझा नवरा. ते गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधून रिटायर झाले, मी लायब्ररीतून. तिथलीच एक सहकारीण मला पहिल्यांदा क्लबवर घेऊन गेली. मक्याच्या शेतांपलीकडे मातीचा उंच बांध आहे, त्याच्यासमोर ताटाएवढ्या लोखंडी पाट्या ओळीने उभ्या करतात. बझर वाजला की त्या एकेक करून पाडायच्या, घड्याळ लावून. माझी पहिली पाटी पडली तेव्हा जो ठण्णकन आवाज झाला ना, तो मला आवडला. बस्स, एवढंच कारण. नवरा गोल्फ का खेळतो म्हणून आजवर कुणी विचारलेलं नाही.

काडतुसं मी घरीच भरते. पैसे वाचवायला नाही, मनगटांसाठी. माझ्या दोन्ही मनगटांत संधिवात आहे आणि दुकानातलं काडतूस असा दणका देतं की दुसऱ्या दिवशी कणीक मळवत नाही. घरी भरलं की पावडर बेताची घालता येते, पुस्तकात दिलेल्या मर्यादेत राहून, आणि हात शाबूत राहतो. काडतूस म्हणजे तरी काय, एक पितळी पुंगळी. तिच्या बुडाशी प्रायमर, म्हणजे दिवाळीतल्या टिकलीसारखी एक टिकली. आत पावडर आणि तोंडात बसवलेली गोळी. गोळी उडून जाते, पुंगळी खाली पडते. ती उचलायची, साफ करायची आणि प्रेसवर, म्हणजे दांडा दाबून काडतूस भरायच्या यंत्रावर, पुन्हा भरायची. हे सगळं मी तळघरात करते, आणि पिस्तूल तिथेच पोलादी तिजोरीत कुलपात असतं.

साफ करायची रीत अशी. थरथरणाऱ्या डब्यात मक्याच्या कणसांचा भरडा घालतात, त्यात पुंगळ्या टाकतात, आणि घासून घासून त्या झळझळीत होतात. मग भरडा वेगळा करायचा. क्लबातले म्हातारे त्यासाठी जाळीच्या पिंपाचं हँडल गरागरा फिरवत बसतात. मी नागपूरहून आणलेलं बांबूचं सूप काढलं आणि पाखडायला लागले. चार फटके मारले की भरडा पुढे, धूळ वाऱ्यावर, पुंगळ्या सुपात. उन्हाळ्यात अंगणात, थंडीत तळघरात. एकदा क्लबवर करून दाखवलं तर म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला असा काही चेव आला म्हणून सांगू, घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

मुलगी काही तासांवर, नेपरव्हिलला असते. जन्म इथलाच, मराठी समजतं सगळं, बोलते अर्धं. तिला दिवस गेले तेव्हा असं ठरलं की डिलिव्हरी तिकडेच, त्या वेळी तिच्या सासूबाई पुण्याहून येतील, आणि बाळ महिन्याचं झालं की ती त्याला घेऊन उरलेली सगळी रजा माझ्याकडे काढेल. "आई, मला माहेरी यायचंय," असं ती म्हणाली होती. माहेर हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी इतकी हरखले की त्याच संध्याकाळी डिंक शोधायला इंडियन ग्रोसरीत गेले.

आणि मग तिच्या डॉक्टरने नेहमीचे प्रश्न विचारताना विचारलं की तुम्ही जिथे राहायला जाणार आहात, तिथे कुणाचा शिशाशी संबंध येतो का. आमच्या सत्यवादी लेकीने सांगितलं, माय मॉम. झालं! लगेच मला फोन, आई, ब्लड टेस्ट कर. केली. रक्तात शिसं निघालं, असायला हवं त्याच्यापेक्षा बरंच जास्त. माझी डॉक्टर म्हणाली, मोठ्या माणसाला एवढ्याने लगेच काही होईल असं नाही, पण तान्ह्या बाळाला शिसं कणभरही नको, मेंदूवर जातं. पुढचं लेकीने फोनवर सांगितलं.

"आई, एकतर ते सगळं विकून टाक, नाहीतर आय ॲम नॉट ब्रिंगिंग माय बेबी देअर."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती चुकीचं बोलत असती तर मी हसून सोडून दिलं असतं. ती बरोबर बोलत होती, म्हणून जास्तच राग आला. पण शिसं घरात नको हे बरोबर, आणि त्यासाठी मी माझं खेळणं विकायचं, हे कुणी ठरवलं? नवरा म्हणाला, "अगं, नातवंड की पिस्तूल, यात विचार तो काय करायचा?" मी म्हटलं, "अहो, तुम्ही गोल्फ सोडा, मग मी विचार करते."

तोवर मी साध्या शिशाच्या गोळ्या वापरायचे, वरून मेणासारखं वंगण लावलेल्या. स्वस्त, मऊ, पण बोटं काळी करणाऱ्या. उडवल्या की धूर असा की पुढची पाटी दिसायची नाही. आता मी लेपाच्या गोळ्या मागवल्या. आत शिसंच, पण वरून सगळीकडून पॉलिमरचा पातळ थर, भट्टीत भाजून पक्का केलेला. लालचुटुक. पहिला डबा उघडला तेव्हा मी मूठभर गोळ्या तळहातावर घेतल्या, खाली ठेवल्या आणि हात पाहिला. हात स्वच्छ! त्या क्षणी मला वाटलं, जिंकले मी.

क्लबमधले एक आजोबा तांब्याच्या वेष्टणाच्या गोळ्यांचे भक्त. मला म्हणाले, "मॅम, रंग दिला म्हणून शिसं बदलत नाही." मी म्हटलं, बदलायचंय कुणाला? तुमच्या तांब्याच्या गोळीचं बूड बहुतेक वेळा उघडं असतं, तिथून गरम वायूने शिसं उडतंच. माझी लाल गोळी बुडापासून शेंड्यापर्यंत झाकलेली. नळीतून घसरून जाते, पावडर कमी लागते, दणका कमी, धूर कमी. नळी साफ करायला वेळ लागत नाही. आजोबा टोपी खाजवत म्हणाले, "आणि तो वास?" वासाचं मात्र खरं होतं. जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, खोटं कशाला बोलू.

आणि त्रासही कमी दिला नाही हो त्या लाल भवान्यांनी. पुंगळीचं तोंड आधी जरासं उमलवावं लागतं, मग गोळी बसते. माझी सवय साध्या गोळ्यांची, मी तोंड जेमतेम उमलवलं. गोळी आत जाताना पितळेच्या धारेने लेप सोलून निघाला, गाजर किसल्यासारखी लाल किसाची कडी टेबलावर. सोललेली गोळी म्हणजे उघडं शिसं, मग कशाला केला हा खटाटोप? तोंड जास्त उमलवलं, तर शेवटी ते दाबून बंद करताना मीच जोर केला आणि लेप आतून चिरला. ते कळलं कसं, तर नळीत शिशाच्या रेघा चिकटल्या, त्या खरवडताना मनगटं भरून आली. मग लेपाच्या जाडीने गोळी जराशी फुगलेली, म्हणून भरलेलं काडतूस माझ्या पिस्तुलाच्या नळीत टक्कन बसेना, अडकायचं. ती सगळी काडतुसं एकेक करून पुन्हा उघडली. आणि एका कंपनीच्या गोळ्या मी हातोड्याने चेपून पाहिल्या तर लेपाचे पापुद्रे निघाले, त्या परतच पाठवल्या. चांगल्या लेपाची गोळी चेपून पत्रा झाली तरी रंग सोडत नाही.

थोडक्यात, मी शिकले. हिवाळा सगळा शिकण्यातच गेला. तळघरात बसून मी झक्क काडतुसं भरायला लागले, आणि लेकीला फोनवर ऐटीत सांगितलं की आता तुझ्या आईच्या हाताला शिसं लागतच नाही. ती म्हणाली, "दॅट्स ग्रेट, आई. परत टेस्ट कर." केली.

आकडा उतरला नव्हता. उलट किंचित चढला होता.

डॉक्टरही बुचकळ्यात पडली. मी तर तोंडात मारल्यासारखी झाले. हात धुणं, तळघरात न खाणं, सगळं पाळत होते, गोळ्याही झाकलेल्या. मग येतंय कुठून? लेकीने काही ऐकून घेतलं नाही. "आई, एक्सक्यूजेस नकोत. विक." मी म्हटलं, "नाही विकणार." ती म्हणाली, "मग मी तुझ्याकडे येणार नाही, बस." मी म्हटलं, "मी तुझी आई आहे, भाडेकरू नाही, की घरात काय ठेवायचं ते तू सांगशील." बोलून गेले आणि जीभ चावली, पण माघार घेतली नाही. त्यानंतर तिचे निरोप नवऱ्याच्या फोनवर यायला लागले. "आईला सांगा मी ठीक आहे." मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसलेली!

अशातच आमच्या मंडळातल्या एक काकू, सगळ्यांच्याच काकू, त्यांचा फोन आला. त्यांच्या नातवाचं बारसं होतं. त्यांच्याकडे बाळाला पाळण्यात घालायच्या आधी सुपात निजवतात. इथे दुकानात मिळतात ती प्लॅस्टिकची, आणि खरंखुरं बांबूचं सूप अख्ख्या गावात फक्त माझ्याकडेच. "देशील ना गं? तुझं ते सूप म्हणजे अगदी घरचं वाटतं." मी म्हटलं, "अहो काकू, विचारायचं काय त्यात! पुसून आणून देते."

तळघरातून सूप वर आणलं. जुन्या पांढऱ्या पंच्याचा तुकडा ओला केला आणि सुपावरून फिरवला. फडकं काळं झालं. म्हटलं, असेल, वापरातलं आहे. फडकं धुतलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा काळं. कोमट पाणी, साबण. बांबूच्या विणीतून करडं काळं पाणी निघतच राहिलं, सिंकमध्ये ओघळ उतरला. मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले.

गोळीतलं शिसं मी झाकलं होतं. पण पुंगळीच्या बुडाशी असलेल्या टिकलीतही शिसं असतं, ती फुटली की त्याची राख पुंगळीत राहते, पुंगळी घासली की राख भरड्यात उतरते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, वाचलेलं होतं. आणि तो भरडा मी काय करत होते? सुपात घेऊन नाकासमोर पाखडत होते! हिवाळाभर, खिडक्या बंद करून, तळघरात! क्लबातल्या म्हाताऱ्यांचं पिंप झाकण लावून फिरायचं, म्हणून त्यांच्या नाकात कमी जायचं. मी आपली धूळ उडवून, वर फुंकर मारून, ऐटीत. कुणा अमेरिकन माणसाला ही चूक सुचलीसुद्धा नसती. आणि ते सूप मी त्या तान्ह्या पोराच्या पाठीखाली द्यायला निघाले होते.

काकूंना मी खरं तेच सांगितलं. काकू, सूप देत नाही, त्यात शिसं मुरलंय. त्या एवढंच म्हणाल्या, "शिव शिव." संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांना कळलं होतं. कुणी हात जोडलेला इमोजी टाकला, कुणी "टेक केअर ताई" लिहिलं, एकीने तर बायकांच्या आरोग्यावर लांबलचक फॉरवर्ड केलं. बोला म्हटलं, काय बोलायचं ते बोला. चूक माझ्या हातून झाली, ती मीच शोधली आणि मीच निस्तरणार होते.

सूप दोन पिशव्यांत बांधून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेलं. तिथल्या माणसाने विचारलं, हे काय आहे? म्हटलं, किचन टूल. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घेतलं. तळघरातली कार्पेट उखडून टाकली. भिंती, छत, पायऱ्या, सगळं ओल्या फडक्याने पुसून काढलं, झाडू अजिबात नाही. नवऱ्यानेही मास्क लावून मदत केली, पुटपुटत का होईना. कोरडा भरडा कायमचा बंद. आता पुंगळ्या पाण्यात घासते, डाळ धुवावी तशा, धूळ उडतच नाही. ते गढूळ पाणीही कॅनमध्ये भरून त्याच केंद्रावर देते. तळघराचे कपडे वेगळे, चपला वेगळ्या. लाल गोळ्या मात्र ठेवल्या. त्यांचा काय दोष? त्यांनी त्यांचं काम केलं होतं, उरलेलं मी त्यांच्या भरवशावर सोडलं होतं.

मधल्या काळात नात झाली. मी ती फोनवर पाहिली. विहीणबाईंच्या मांडीवर, दुपट्यात, डोळे मिटलेले. मी म्हटलं, "गोड आहे गं," लेक म्हणाली, "थँक्स, आई," एवढंच. फोन ठेवला आणि भांडी घासताना मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. रडले, नाक पुसलं, आणि तरीही काही विकलं नाही.

शिसं रक्तातून उतरायला वेळ घेतं. पुढच्या टेस्टला आकडा खाली आला, त्याच्या पुढच्या टेस्टला डॉक्टर म्हणाली, आता काळजी नाही, बाळ खुशाल घेऊ शकता. नवऱ्याचंही रक्त तपासलं, ठीक होतं. मी लेकीला फोन केला. सुपाची हकिगत सांगितली, आकडा सांगितला. तिने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, "ओके. वी आर कमिंग."

आली. बाळाला मी दारातच घेतलं, आंघोळ करून, नवी साडी नेसून उभी होते. पोटभर पाहिलंही नसेल, तोच लेकीने तिला आपल्या बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चल, तळघर दाखव." पर्समधून तिने टेस्टच्या काड्या काढल्या, शिशाला लागल्या की लाल होणाऱ्या. माझ्यासारखीच आहे मेली. तिने टेबल तपासलं, खिडकीची कड, पायऱ्यांचा कठडा, दाराची मूठ. सगळ्या काड्या कोऱ्या. प्रेसच्या पायाखाली मात्र एक काडी जराशी गुलाबी झाली. मी फडकं ओलं केलं, पुसलं. तिने पुन्हा तपासलं. कोरी. मी तळघराला नवं कुलूप लावलं होतं, त्याची किल्ली तिला दाखवली.

मग ती पायरीवर बसली. "आई, खरं सांग," ती म्हणाली. "नंबर खाली आला नसता तर तू विकलं असतंस?"

समोर ओली बाळंतीण, वर नात. "हो गं राजा, विकलं असतं," एवढं म्हटलं असतं तर सगळं गोडीगुलाबीत मिटलं असतं. मंडळातल्या कुठल्याही बाईने तेच म्हटलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "नवे कपडे घेऊन तुझ्याकडे येऊन राहिले असते, तू म्हणशील तितके दिवस. पण विकलं नसतं."

मला वाटलं आता उठून जाते. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. मी घाबरले. शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला. रडता रडता तुटक तुटक ती सांगायला लागली. सासूबाई रोज म्हणतात, दोन वर्षं जॉब सोड. नवरा म्हणतो, थिंक अबाउट इट. त्यांच्या घरातल्या सगळ्यांचे फोन येतात, आणि प्रत्येकजण एकच म्हणतो, बाळासाठी.

"आणि मी पण तुला तेच म्हटलं होतं ना, आई. बाळासाठी सोड." तिने नाक पुसलं. "मला वाटलं, आता तू पण मला तेच सांगशील."

"मी बरी तेच सांगेन!" मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की वरून नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. "रजा संपली की कामावर जायचं, कळलं? कुठे आहे तुझा फोन? लाव सासूबाईंना. मी बोलते."